ओळख असली तरी विचारा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आणि रोज राउंडला येतात तेव्हा ज्यांच्यासमोर सगळे उभे राहतात ते मोठे डॉक्टरसाहेब. परिचारिका विद्यालयाच्या प्राचार्या. सगळ्या वॉर्डांच्या सिस्टर आणि ब्रदर. समोर पांढऱ्याशुभ्र गणवेशात बसलेल्या विद्यार्थिनी आणि विद्यार्थी. आणि मधल्या खुर्चीत मांडीवर हार सांभाळत बसलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्याच बाई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी शिंपी माणूस. मला मशीनचा आवाज कळतो, माईकचा कळत नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मघाशी सांगितलं की आता बाईंचे यजमान दोन शब्द बोलतील, तेव्हापासून माझे हात गार पडलेत. हा कागद हलताना दिसतोय ना? वरच्या पंख्यामुळे हलत नाहीये तो.

पण मी भ्यालो म्हणून मला हसू नका. या घरात मी भीतीतच संसार केलाय. तुम्हाला बाई तास-दोन तास वर्गात भेटल्या, मला घरी भेटल्या. तुमच्या वर्गात औषधशास्त्राचा तास संपल्यावर घंटा व्हायची. आमच्याकडे ती सोय नव्हती.

एक साधं उदाहरण सांगतो. मला खोकला झाला. घरात औषध आहे, चमचा आहे, बायको परिचारिका आहे. आता माणसाला आणखी काय पाहिजे? ही चमचा हातात धरून समोर उभी राहायची आणि विचारायची, "पूर्ण नाव सांगा." मी म्हणायचो, "अगं, इतकी वर्षं एका ताटात जेवतोय आपण." ही म्हणायची, "ताटातलं ताटात. नाव सांगा." मग मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सांगायचो. मग पुढचा प्रश्न. "कोणत्या औषधाचा कधी त्रास झालाय का?" मी म्हणायचो, नाही. मग बाटलीवरचं लेबल वाचायचं. कपाटातून काढताना एकदा, चमच्यात ओतताना एकदा आणि बाटली परत ठेवताना एकदा. एवढं होईपर्यंत माझा खोकला कंटाळून थांबायचा.

हसताय तुम्ही, पण तुमच्यातल्या कितीजणींनी संत्र्यावर इंजेक्शनचा सराव केलाय? ती संत्री नंतर कुठे जायची, याचा विचार केलाय कधी? आमच्या घरात आख्खं, बिनभोकाचं संत्रं कोणी खाल्लेलं नाही. सोलावं तर आतून पाणीच पाणी.

आता जे सांगणार आहे, त्याची परवानगी मी आधी घेतली आहे. मेट्रनबाईंना विचारलं, डॉक्टरसाहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "काका, सगळं सांगा, मी समोरच बसणार आहे." हिला मात्र विचारलं नाही. ही नको म्हणाली असती. आत्ताही तिकडून बघतेय माझ्याकडे, पण मी मान वळवणार नाही.

आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. हिचा घसा दुखत होता, ताप होता. गल्लीतल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पेनिसिलिनचं. आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. भर दुपार होती, समोर एक माणूस सायकलला हवा भरत होता. ही माझ्याकडे वळली आणि मला तिचा चेहरा ओळखू येईना. ओठ फुगलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या, हातावर गांधी उठलेल्या. श्वास घेताना छातीतून शिटीसारखा आवाज. तिला काय होतंय ते कळत होतं, ती परिचारिका होती, पण तिला सांगता येईना. ती नुसती गळ्याकडे बोट दाखवत होती. आणि मी काय केलं? मी तिला पाणी आणायला पळालो.

दवाखान्यातले डॉक्टर अजून निघाले नव्हते म्हणून ही वाचली. त्यांनी दुसरं इंजेक्शन दिलं, झोपवलं, पाय वर केले. श्वास सुरळीत झाल्यावर हिने माझा हात धरला आणि पहिलं वाक्य बोलली, "अहो, मला बोलता येणार नाही तेव्हा तुम्ही बोलायचं."

त्या दिवसापासून माझी तालीम सुरू झाली. पेनिसिलिन हा शब्द मला तिने पाठ करायला लावला. मी सुईत दोरा ओवत असलो की मागून आवाज, "कोणतं औषध?" मी म्हणायचो, पेनिसिलिन. जेवताना, भाजी निवडताना, पाहुणे बसलेले असताना, "कोणतं औषध?" पेनिसिलिन. पाहुण्यांना वाटायचं, शिंपीबुवांना काहीतरी आजार आहे. आणि नुसतं नाव सांगून भागायचं नाही. औषधांचीही घराणी असतात म्हणे, नावं वेगळी आणि रक्त एक. एकाने त्रास दिला की त्याच्या भावंडांनाही दारातच अडवायचं. हे तुम्ही परीक्षेसाठी शिकलात, मी चहा मिळावा म्हणून शिकलो.

तर आता दोन महिन्यांपूर्वीचं सांगतो.

हिला आधी सर्दी झाली, मग खोकला, मग ताप. "अहो, साधंच आहे," म्हणाली. दुसऱ्यांना इतकं शिकवणारी बाई स्वतःच्या बाबतीत साधंच आहे म्हणते, याला काय म्हणायचं? एके दिवशी सकाळी मी दुकानात कापड बेतत होतो आणि शेजारच्या वहिनी धावत आल्या. बाई काहीतरीच बोलताहेत, म्हणाल्या. मी तसाच उठलो. ही अंथरुणात बसून कोणाला तरी शिकवत होती. समोर कोणी नव्हतं.

आम्ही तिला इथेच आणलं, आपल्या रुग्णालयात. न्यूमोनिया झाला होता. आणि दारातून आत आल्याबरोबर काय झालं सांगू? सगळीकडून माणसं धावली. "बाई आल्या, बाई आल्या." स्ट्रेचर ढकलणारा हिचा विद्यार्थी. दाखल करून घेणारी हिची विद्यार्थिनी. वॉर्डातली सिस्टर हिचीच विद्यार्थिनी. कोणी उशी आणली, कोणी खिडकीजवळचा बेड रिकामा करून दिला, कोणी माझ्या हातात चहाचा पेला दिला. "काका, तुम्ही अजिबात काळजी करू नका. बाईंना आम्ही ओळखतो." जो येईल तो हेच म्हणत होता. बाईंना आम्ही ओळखतो.

मला बरं वाटलं. का वाटू नये? परक्या ठिकाणी आपलं माणूस आजारी पडलं असतं तर दहा जणांच्या पाया पडावं लागलं असतं. इथे सगळी घरचीच माणसं.

मायेने सगळं झालं, दोन प्रश्न तेवढे राहिले. दारातून बेडपर्यंत हिला कोणी नाव विचारलं नाही आणि कोणत्या औषधाचा त्रास होतो हेही विचारलं नाही. बाईंना काय विचारायचं? बाईंना सगळं माहीत असतं. काही असतं तर बाईंनी सांगितलंच असतं. प्रत्येकाला वाटलं, आपल्या आधीच्याने विचारलं असणार. बाई तिकडे तापात भिंतीला शिकवत होत्या.

मी हे कोणाला दोष द्यायला सांगत नाही. आमच्या धंद्यातही हे होतं. नवं गिऱ्हाईक आलं की मी खांद्यापासून मनगटापर्यंत नीट टेप लावतो. जुन्या गिऱ्हाईकाला म्हणतो, तुमचं माप आहे हो माझ्या डोक्यात. आणि मग तो माणूस मधल्या काळात वाळलेला असतो, सदरा अंगावर लोंबतो. पण सदरा उसवून परत शिवता येतो.

आता तुम्ही विचाराल, काका, तुम्हाला तर माहीत होतं. तुम्ही का नाही बोललात?

मीही हे स्वतःला विचारतो. मी बेडच्या पायथ्याशी उभा होतो. दुकानातून तसाच आलो होतो, गळ्यात टेप होती. डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली, औषधं सांगितली, गेले. मला कळत होतं की मला काहीतरी सांगायचंय. अगदी महत्त्वाचं काहीतरी. पण ते काय, हेच आठवेना. तो एक शब्द, जो मी दोरा ओवताना, जेवताना, भाजी निवडताना हजारदा म्हटला होता, तो पार पुसून गेला होता. मी आठवायला गेलो की मला त्या दुपारचा हिचा चेहरा दिसायचा, आणि तो दिसला की आणखी काही सुचायचं नाही. तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मी टेप बोटांना गुंडाळत उभा राहिलो. माणूस इतका घाबरतो हे मला माहीत नव्हतं.

मग ट्रे घेऊन एक मुलगी आली. विद्यार्थिनी, शेवटच्या वर्षाची. ती आज या सभागृहात आहे, पण ती कोण हे मी सांगणार नाही. तसं कबूल केलंय मी तिला. ट्रेमध्ये इंजेक्शन तयार होतं. तिने सलाईनची नळी पाहिली, मग हिच्या तोंडाजवळ वाकली आणि म्हणाली, "बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

वॉर्डात हशा पिकला. पलीकडच्या बेडवरच्या आजीसुद्धा हसल्या. सिस्टर लांबून म्हणाल्या, "अगं, बाईंना नाव विचारतेस? डोकं फिरलं का तुझं? ताप बघ किती आहे, दे लवकर."

आणि मी चिडलो. मघापासून न फुटलेला आवाज नको तिथे फुटला. मी तिच्या अंगावर ओरडलो, "ओळखत नाहीस का तू हिला? बायको जाईल माझी, आणि तू नावं काय विचारत बसलीस?"

मुलीचे डोळे भरले. पण ती जागची हलली नाही. सिस्टरकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, बाई शुद्धीवर आल्या आणि मी विचारलं नव्हतं हे त्यांना कळलं, तर त्या मला वर्गात उभं करतील."

बघा, ही बेशुद्ध पडली होती आणि पोरगी तरीही हिला घाबरत होती. भीतीने माझी वाचा बसली होती, आणि ही पोर भीतीपोटीच बोलत होती.

मग ती माझ्याकडे वळली. "काका, बाई बोलत नाहीत, तर तुम्ही सांगा. यांचं पूर्ण नाव काय?" मी सांगितलं. तिने हिच्या मनगटावरच्या नावाच्या पट्टीशी ताडून पाहिलं. "आता सांगा, यांना कोणत्या औषधाचा कधी त्रास झालाय का?"

मी म्हटलं, "हो. पण नाव आठवत नाही."

ती म्हणाली, "असू दे. नाव राहू दे. काय झालं होतं?"

मी म्हटलं, ओठ फुगले होते. श्वास लागला होता.

"कशासाठी दिलं होतं ते औषध?"

घसा दुखत होता, म्हटलं. आणि 'घसा' हा शब्द तोंडातून निघाला, तसा मला कपबश्या विसळतानाचा हिचा आवाज ऐकू आला, "कोणतं औषध?" मी इतक्या मोठ्याने पेनिसिलिन म्हणालो की पलीकडच्या आजी दचकून उठून बसल्या.

त्या मुलीने ट्रेमधल्या बाटलीवरचं नाव वाचलं. मीही वाकून बघितलं, नाव वेगळं होतं. मला वाटलं, सुटलो. ती म्हणाली, "नाव वेगळं आहे काका, पण मला खात्री नाही. मी विचारून येते. तोपर्यंत हे द्यायचं नाही, कोणीही आलं तरी." तिने ट्रे उचलला आणि गेली. जाताना माझ्या हातावर हात ठेवला, मी एवढा ओरडलेलो असताना.

थोड्या वेळाने डॉक्टर धावत आले. ते औषध त्याच घराण्यातलं होतं. डॉक्टरांनी ते थांबवलं, दुसरं लिहिलं आणि मग खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभे राहिले. सिस्टर भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मी जाऊन जिन्यात बसलो.

चौथ्या दिवशी हिचा ताप उतरला. ही शुद्धीवर आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ही त्या मुलीचं कौतुक करील. हिने विचारलं, "दुसरं औषध दिल्यावर ती जवळ बसली होती का?" मी म्हटलं, हो, बसली होती, श्वास मोजत होती. मग ही म्हणाली, "अहो, ते सगळे माझेच विद्यार्थी. एकीने विचारलं. बाकीच्यांनी विचारलं नाही."

मी समजूत काढली, अगं, एकीने विचारलं ना, वाचलीस ना तू. ही म्हणाली, "ती त्या दिवशी रजेवर असती तर?"

घरी आल्यापासून ही नीट झोपत नाही. निवृत्ती नको म्हणत होती, हा समारंभही नको म्हणत होती. "मी काय शिकवलं, म्हणून हार घालून घेऊ?" असं म्हणाली. हा हार तिने गळ्यात न ठेवता मांडीवर का घेतलाय, ते आता तुम्हाला कळलं असेल.

तेव्हा हिच्या वतीने आणि माझ्याही वतीने तुमच्याकडे एक मागणं आहे. या घटनेनंतर तुमच्या वॉर्डांमध्ये दारातच दोन्ही प्रश्न विचारायला सुरुवात झाली आहे, मला मेट्रनबाईंनी दाखवलं. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. पण मला माहीत आहे, माणूस अनोळखी असला की प्रश्न विचारणं सोपं जातं. परीक्षा ओळखीच्या माणसाची वेळ येते तेव्हा असते. समोर तुमचे शिक्षक असतील, तुमचे डॉक्टर असतील, तुमची आई असेल. सगळे हसतील. कोणीतरी माझ्यासारखा खेकसेल. तेव्हा विचारा.

आणि उत्तर आलं नाही तर सोडून देऊ नका. त्या दिवशी मला उत्तर माहीत होतं, पण ते माझ्या तोंडातून बाहेर काढायला चार प्रश्न लागले. बेडच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला बाजूला बसवून चहा देता, फार चांगलं करता. चहाच्या आधी त्याला विचारा.

समारोपाला आलोय. मला या मंचावर बोलावलंत, शिंप्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि विद्यालयाचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि त्या मुलीला सांगतो, बाळ, तुझ्यावर ओरडलो, त्याबद्दल सगळ्यांसमोर तुझी क्षमा मागतो.

आता शेवटचं. हिच्याहून मी वयाने मोठा आहे. आज ना उद्या मी इथे येणार. स्ट्रेचरवरून आत आलो की तुम्ही धावाल, "बाईंचे यजमान आले." उशी द्याल, खिडकीचा बेड द्याल. त्या वेळी पायथ्याशी ही उभी असेल. ही तुमची बाई आहे, हिने औषधशास्त्र शिकवलंय, हिला सगळं येतं, असं समजू नका. माझा श्वास अडकलेला असेल आणि ही घाबरलेली असेल. त्या दिवशी हिलाही काही आठवणार नाही.

तिच्याजवळ जा, आणि माझं नाव तुम्हाला माहीत असलं तरी तिला विचारा.